मुलीला शाळेतून काढून घरी शिकवायचंय, आरटीई (शिक्षण हक्क कायदा) आडवा येईल का?

उंबरठा

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचक आहे, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलगी नऊ वर्षांची, पुण्यात इंग्रजी माध्यमात चौथीला. फार हुशार बिशार असं काही नाही, चारचौघींसारखी आहे, पण घरी प्रश्न विचारून डोकं खाणारी ही पोरगी शाळेत दिवसभर तोंड उघडत नाही आणि घरी आली की दोन तास कोणाशी बोलत नाही. नवऱ्याचं काम लॅपटॉपवर, वाईजवळ सासऱ्यांचं घर आणि थोडी शेती आहे, तर जूनपासून तिकडे राहायचं आणि तिला निदान सातवी-आठवीपर्यंत घरीच शिकवायचं असं आमचं दोघांचं ठरलंय. ठरलंय म्हणजे ठरलंय, त्यावर चर्चा नको प्लीज, प्रश्न वेगळाच आहे.

दाखल्यासाठी शाळेत अर्ज घेऊन गेले तर ऑफिसातल्या बाईंनी तो वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, पुढच्या शाळेचं नाव काय? म्हटलं कुठलीच नाही, घरी शिकवणार. तर म्हणाल्या "मग 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात मी काय लिहू? असं कारण आजवर कोणी दिलेलं नाही." अर्ज तसाच ठेवून घेतलाय, हो नाही काही कळवलेलं नाही. शेजारचे रिटायर्ड सर म्हणतात सहा ते चौदा शिक्षण सक्तीचं आहे, केस होईल तुमच्यावर. सासूबाईंचं तिसरंच, लोक म्हणतील मुलीला घरी बसवली.

तर खरंच हा गुन्हा आहे का? गावात सर्व्हेला शिक्षक आले तर काय सांगायचं? आणि पुढे दहावीला बसताना अडणार तर नाही ना? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, ऐकीव नको.

कलम_कसाई

वकिली करतो, पण हा सल्ला फुकटचा आहे तेव्हा किंमतही तेवढीच धरा.

गुन्हा नाही. शेजारच्या सरांना सांगा की आरटीई म्हणजे २००९ चा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू, तो आधी पूर्ण वाचा. कलम १० म्हणतं की प्रत्येक पालकाचं कर्तव्य आहे मुलाला शेजारच्या शाळेत प्राथमिक शिक्षणासाठी दाखल करणं. बास. ते नाही केलं तर पालकाला दंड किती, कैद किती, हे अख्ख्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. यातली सक्ती मुख्यतः सरकारवर आहे, की शाळा द्या, प्रवेश द्या, फी घेऊ नका, मूल टिकवा.

पण म्हणून परवानगी आहे असंही समजू नका. होमस्कूलिंग हा प्रकार या कायद्यात नाहीच, ना हो ना नाही. मजा अशी की २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने पालकांवर जे मूलभूत कर्तव्य टाकलं ते मुलाला शिक्षणाची संधी देण्याचं आहे, त्यात शाळा कुठे नाही, आणि सात वर्षांनी त्याच पायावर कायदा केला तेव्हा त्यात शाळा आली. यावर दिल्ली हायकोर्टात घरी शिकणाऱ्या एका मुलीची याचिका होती. २०१२ मध्ये केंद्राने आधी प्रतिज्ञापत्रात सांगितलं की घरी शिकवणाऱ्या पालकांना तसं करता येईल, कायद्याच्या विरोधात नाही, आणि मग ते मागे घेतलं. म्हणजे खुद्द खात्याचीच भूमिका एकदा ही आणि एकदा ती. तिथून पुढे गाडी तशीच उभी आहे.

दंड आहे तो कलम १८ ला, मान्यता नसलेली शाळा चालवली तर. एक लाखापर्यंत, आणि तरी चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. हे मुद्दाम सांगतोय कारण गावात गेल्यावर होतं काय, तुमच्या मुलीबरोबर आजूबाजूची चार पोरं येऊन बसायला लागतात, कोणीतरी महिन्याला काहीतरी हातावर ठेवतं, पडवीत फळा लागतो, आणि मग तुमचा हेतू काहीही असो, कागदावर ती शाळा ठरू शकते. स्वतःचं मूल शिकवा, दुसऱ्याची घेऊ नका. निदान पैसे तरी घेऊ नका.

पेरूची_फोड

सगळं ठीक पण चार पोरांत मिसळणार कधी? एकलकोंडी होतात हो अशी मुलं.

उंबरठा

@पेरूची_फोड शाळेत चाळीस पोरांत बसून एकलकोंडी झालीये म्हणूनच तर. असो.

खडूवाली

ताई मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, बीड जिल्हा. तुमच्या त्या सर्व्हेला दारात येते ती मीच असं समजा.

आमच्या लेखी शाळाबाह्य म्हणजे सहा ते चौदामधलं जे मूल कुठल्याच शाळेत दाखल नाही किंवा दाखल आहे पण सलग महिनाभर आलेलंच नाही. त्यात आई एमएस्सी आहे आणि घरी भिंतीवर नकाशे लावलेत याला रकाना नाही. २०१५ च्या ४ जुलैला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे झाला होता, मतदानासारखी शाई घेऊन आम्ही बसस्टँड, वीटभट्ट्या, पालं फिरत होतो. २०२२ ला मिशन झिरो ड्रॉपआउट झालं. तर शिक्षक येईल, नाव लिहील, बहुतेक गोड बोलून म्हणेल की आपल्या शाळेत नाव घाला. केंद्रप्रमुखही येतील कदाचित. वाद घालू नका, चहा द्या, वह्या दाखवा, वाटलं तर लिहून द्या की मूल घरी शिकतंय आणि पुढे ओपन बोर्डातून परीक्षा देणार. पोलीस बिलीस काही येत नाहीत, आमच्याकडे ते सांगायला माणसं आहेत कुठे.

आता कडू बोलते, राग मानू नका. हा कायदा तुमच्यासारख्यांना डोळ्यापुढे ठेवून केलेलाच नाहीये. माझ्या वर्गातली निम्मी पोरं दिवाळी झाली की आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, हंगामी वसतिगृहात थांबवायला हातापाया पडतो, आणि तरी सातवीतली मुलगी लहान भावाला सांभाळायला म्हणून कोपीवर जाते ती जातेच, आणि दोन वर्षांनी तिच्या लग्नाची बातमी येते. उद्या कायद्यात एक ओळ घातली की पालक घरी शिकवत असतील तर चालेल, तर गावातला प्रत्येक बाप मला हेच सांगेल, मॅडम घरीच शिकवतोय की. आणि तो मुकादम पण सांगेल. कलम १० ला दात नाहीत हे वकीलसाहेब म्हणतात ते खरं आहे, पण निदान ते दाखवून मला दारात उभं तरी राहता येतं.

कामाचं सांगते. दाखला अडवता येत नाही. कायद्यात मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा आहे, उशीर केला तर त्यांच्यावर कारवाईची तरतूद आहे, अर्थात ते कलम एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणाऱ्यांसाठी आहे म्हणून तुमच्या बाई बिचकल्या असतील. कारणात "पालकांच्या विनंतीवरून" लिहितात, रोजचं आहे ते, त्यात काही बिघडत नाही. ऑनलाइन मात्र यूडायसला, म्हणजे शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीत, तिचं नाव ड्रॉपबॉक्समध्ये जाऊन पडेल आणि पुढची शाळा ओढून घेईपर्यंत तिथेच राहील. तिथला तिचा पेन नंबर, म्हणजे कायमचा विद्यार्थी क्रमांक, जपून लिहून ठेवा. आणि मन बदललं तर घाबरू नका, कलम ४ प्रमाणे वयानुसार वर्गात घ्यावंच लागतं, दाखला हातात नसला तरी आमच्यासारख्या शाळा नाही म्हणू शकत नाहीत.

गवती_चहा

आमचा मुलगा दुसरीनंतर शाळेत गेला नाही, आता कॉलेजला आहे, त्यामुळे ऐकीव नाही.

शिकवण्याचं टेन्शन घेऊ नका, ते होतं. कागदांचं घ्या. सगळ्यात आधी, दाखल्याबरोबरच शाळेतून प्रवेश निर्गम उतारा मागून घ्या, जनरल रजिस्टरचा, सही शिक्क्याचा, दोन प्रती. का ते सांगते. जातीचा दाखला काढायचा असेल, आणि पुढे पडताळणी, तर तिथे मुलाच्या प्राथमिक शाळेचा कागद मागतात, जन्मदाखला दाखवून भागत नाही. आम्ही सेतूत गेलो तेव्हा समोरचा मुलगा स्क्रीनवरून मान वर न करता म्हणाला, "एलसी अपलोड करा". म्हटलं सध्या शाळेत नाहीये. "मग शेवटच्या शाळेचा करा." तो होता म्हणून सुटलो. ज्यांनी मूल पहिलीतसुद्धा घातलं नाही अशा ओळखीच्या एका घराची या एका कागदासाठी काय वणवण झाली ते मी जवळून पाहिलंय. तुमची मुलगी चौथीपर्यंत गेलीये हे तुमच्या पथ्यावर पडलंय.

दहावीचे रस्ते असे. एनआयओएस, म्हणजे केंद्राचं ओपन बोर्ड, दहावीला किमान वय १४ पूर्ण. पाच विषय, नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ संधी, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, आमच्या पोराने आधी दोन दिले, मग उरलेले, गणित शेवटी. पास झाल्यावर मायग्रेशन कम ट्रान्सफर सर्टिफिकेट येतं, अकरावीला तेच एलसी म्हणून चालतं, फक्त कॉलेजातल्या क्लार्कला ते समजावून सांगायची तयारी ठेवा (आमचं गाडं इथेच दोन खिडक्या फिरलं). त्याआधीही काही हवं असेल तर त्यांचंच ओबीई आहे, तिसरी पाचवी आठवीच्या तोडीच्या ए बी सी पातळ्या, २०२० च्या शैक्षणिक धोरणात पण त्या आहेत.

दुसरं, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ. पाचवीच्या परीक्षेला दहा वर्षं पूर्ण, आठवीला तेरा. तुमच्या मुलीला पाचवी देऊन ठेवायला हा बरा मार्ग, मराठीतून देता येते आणि हातात सरकारी शिक्क्याचा कागद राहतो, सासूबाईंना दाखवायला पण. तिसरं सतरा नंबरचा फॉर्म, नेहमीच्याच बोर्डाची दहावी, बाहेरून. त्याला मूळ दाखला लागतो, हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. म्हणून म्हणते तो दाखला लॅमिनेट बिमिनेट करू नका, नुसता प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा.

जे मिळणार नाही तेही सांगते. स्कॉलरशिप परीक्षा, नवोदय, एलिमेंटरी इंटरमिजिएट, शालेय क्रीडा स्पर्धा, हे सगळं शाळेच्या नावावर चालतं. मुलगी धावण्यात किंवा चित्रकलेत असेल तर हे आधी बघा, माझ्या पोराला खो-खोत राज्यावर जायचं होतं आणि त्यावरून घरात एक वर्ष रडारड झाली.

आणि तुम्हाला प्रत्येक जण मुंबईच्या त्या मुलीची गोष्ट सांगेल, घरी शिकली, प्रोग्रॅमिंगच्या ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं, २०१६ ला थेट एमआयटी. खरी आहे गोष्ट. पण तिला आयआयटीत जाता आलं नसतं कारण बारावीचा कागद नव्हता, हा भाग सांगताना गाळतात.

शांत_कोपरा

मधला मार्ग. गावच्या शाळेत नाव घालून ठेवा, गुरुजींना विश्वासात घ्या, परीक्षेपुरतं जा. पट कमी असतो, तेही खूश, तुम्हीही खूश. आमच्याकडे दोघे तिघे असंच करतात.

खडूवाली

@शांत_कोपरा नको ओ असले सल्ले देऊ. पटावर नाव म्हणजे रोजची हजेरी कोणीतरी खोटी भरणार, तिच्या नावाचा पोषण आहार कागदावर शिजणार, तिच्या नावाने पुस्तकं येणार. २०११ च्या ऑक्टोबरातली पटपडताळणी विसरलात का, तीन दिवस शाळाशाळांत डोकी मोजली होती आणि बोगस पट उघडा पडला होता. पालकाला कलम १० ला दंड नाही पण खोटी हजेरी भरणाऱ्या शिक्षकाची नोकरी जाते. स्वतःच्या पोरीसाठी दुसऱ्याच्या मानेवर सुरी कशाला.

नेपरव्हिल_बुद्रुक

शिकागोजवळ राहतो, इथली गंमत सांगतो, थोडं अवांतर होईल.

अमेरिकेत हे सगळं राज्याराज्याचं वेगळं. आमच्या इलिनॉयमध्ये १९५० च्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून घरी शिकवणं हे खासगी शाळेतच मोडतं, ठराविक विषय इंग्रजीतून शिकवा, बाकी कुठे नाव नोंदवा, परीक्षा द्या असं काही नाही. म्हणजे तुमच्याकडे कायद्यात जागा नाही म्हणून ओरड, इथे एवढी मोकळी जागा की किती मुलं घरी शिकतात हे राज्यालाच माहीत नाही. २०२४ मध्ये पत्रकारांनी काही मुलांचे हाल बाहेर काढले, होमस्कूलिंगच्या नावाखाली घरात ठेवलेली, शाळा नाही म्हणून कोणा शिक्षिकेच्या नजरेलाही न पडलेली. त्यावरून २०२५ ला विधेयक आलं, एचबी २८२७. पालकांनी डिक्लेरेशन फॉर्म भरायचा, नाही भरला तर मूल विनाकारण गैरहजर धरणार, पालक निदान हायस्कूल पास हवा, आणि अधिकाऱ्याने मागितलं तर मुलाचं काम दाखवायचं. खडूवाली ताई ऐकून म्हणतील यात काय एवढं. अहो राज्यभरातून लोक पोराबाळांना घेऊन राजधानी स्प्रिंगफिल्डला कॅपिटॉलमध्ये, म्हणजे विधानभवनात, जाऊन उभे राहिले. मार्चमध्ये विधेयक समितीतून पास झालं पण मे अखेर अधिवेशन संपलं तरी सभागृहात मतदानाला आलंच नाही.

आपली मराठी मंडळी यात फारशी नव्हती हे पण सांगतो. आपण घरच मुळी शाळेचा डिस्ट्रिक्ट बघून घेतो, त्यासाठी प्रॉपर्टी टॅक्स भरून कंबर मोडते, मग पोराला घरी शिकवणार कोण. आमच्या ओळखीत एकच घर आहे, मुलगा ऑटिस्टिक, आणि त्यांना तो फॉर्म भरायला काहीच हरकत नव्हती, उलट ती बाई म्हणायची की एक कागद तरी असेल आमच्याकडे. पण बाकी होमस्कूलवाल्यांना वाटत होतं की आज फॉर्म, उद्या तपासणी, परवा अभ्यासक्रम.

तर माझा प्रश्न, तुमच्याकडे लोक कायदा मागतात का?

गवती_चहा

@नेपरव्हिल_बुद्रुक मागणारे आहेत थोडे, मी नाही त्यात. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज कोणी विचारत नाही, उद्या नियम केला की गटशिक्षणाधिकारी ऑफिसात नोंदणी, मग त्या नोंदणीला बीएड पाहिजे की काय ते ठरणार, मग दर तीन महिन्यांनी अहवाल, आणि तो अहवाल जमा करायला तुम्ही तालुक्याला खेपा घालणार. आपल्याकडे परवानगी मिळाली की तिच्याबरोबर खिडकी पण येते.

कलम_कसाई

@गवती_चहा तुम्हाला हे परवडतं कारण तुमचं घर धड आहे. झाकली मूठ भांडण झालं की उघडते. माझ्याकडे आलेलं प्रकरण, नवरा-बायको वेगळे झाले, आई मुलाला घरी शिकवत होती, ताब्याच्या अर्जात नवऱ्याने पहिलाच मुद्दा काय घातला, तर मुलाला शिक्षणापासून वंचित ठेवलंय, कलम १० चा भंग. दंड नसलेलं कलम सुद्धा तिथे कसं टोचतं ते मी पाहिलंय. आईकडे दाखवायला वह्यांच्या थप्प्या होत्या, पण कुठे नोंद केल्याचा एक कागद नव्हता. नोंद हवी, परवानगी नको. मी कळवलं, तुम्ही पोच द्या, एवढंच. आणि खडूवालींच्या मुद्द्याला पण त्यातच उत्तर आहे, ज्याने कळवलंय त्याच्या घरी वर्षातून एकदा जाऊन पोरीला भेटा, ती दिसली पाहिजे, बोलली पाहिजे. ज्याने कळवलंच नाही तो शाळाबाह्य.

खडूवाली

कळवणं चालेल मला. पण भेटायला जाणार कोण ते पण लिहा त्या नियमात. पुन्हा आम्हीच ना?

उंबरठा

इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. पटावर नाव ठेवायचा सल्ला गावच्या एका नातेवाइकानेही दिला होता, ते आता नक्की नाही. उद्या शाळेत जाऊन अर्ज बदलून देते, कारण पालकांच्या विनंतीवरून, आणि उतारा आणि पेन नंबर मागते. मुक्त विद्यालयाची पाचवी तिला करायचीये का ते तिलाच विचारलं तर म्हणते परीक्षा आहे का, मग बघू.

@कलम_कसाई ते कळवण्याचं, नियम नसताना सुद्धा आम्ही आपणहून गटशिक्षणाधिकाऱ्यांना रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं तर फायदा की उगाच लक्ष वेधून घेणं? आमच्या घरात यावर दोन मतं आहेत.

कलम_कसाई

पाठवा. विनंती करू नका, परवानगी मागू नका, मागितली की नाकारायची सोय होते. नुसती माहिती द्या, मुलीचं नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, कोण शिकवणार, कुठली परीक्षा देणार. पोस्टाची पावती आणि पोच दाखल्याच्याच फोल्डरमध्ये. उत्तर बहुधा येणार नाही.

गवती_चहा

मी नसतं पाठवलं. पण पाठवणार असाल तर शाळा सुरू व्हायच्या आधी पाठवा, जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या ऑफिसात पाठ्यपुस्तकांच्या गठ्ठ्यांमागे माणूस दिसत नाही.